पडदे नसलेला बेस

बेस गिटार आणि डबल बेस या दोन्ही वाद्यांच्या चार तारा एकाच स्वरांना लावतात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर जाड तारेपासून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, सगळ्यात वरची 98 वेळा. दोन्ही वाद्यांचं नोटेशन एकाच पद्धतीनं लिहितात आणि दोन्ही लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतात. त्यामुळे वर्षानुवर्षं बेस गिटार वाजवलेला माणूस उभ्या डबल बेससमोर आला की त्याला वाटतं, यात नवीन शिकायचं ते काय? स्वर तर सगळे ओळखीचेच आहेत.

स्वर ओळखीचे असतात, जागा मात्र ओळखीच्या नसतात. बेस गिटारची मोकळी तार साधारण 86 सेंटिमीटर लांब असते. डबल बेसचा सर्वसाधारण वापरातला आकार, ज्याला तीन-चतुर्थांश म्हणतात, त्याची तार 104 ते 106 सेंटिमीटर भरते. शिवाय पडदे नाहीत, बाजूला ठिपके नाहीत, आणि पट्टी डोळ्यांसमोर नसून कानाच्या शेजारी उभी असते. ज्याला संगीतातलं काहीच येत नाही तो या वाद्यावर सावकाश शिकतो. ज्याला बेस गिटार येते त्याचं डोकं पुढे धावतं आणि हात मागे राहतात. माझ्या मते अनुभवी वादकाची खरी अडचण हीच आहे, आणि ती वेळीच ओळखली तर पुढचं बरंचसं सोपं होतं.

बेस गिटारकडून डबल बेसकडे जाण्याचा हा प्रवास इतिहासात बहुतेक उलट्या दिशेनं झाला. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा बेस म्हणजे डबल बेसच होता. तो अवजड होता, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात ऐकू येत नव्हता, आणि सुरात वाजवायला वर्षं लागत. फेंडरच्या वाद्याला पडदे होते, त्यामुळे गिटारवाल्यालाही बेस सुरात वाजवता येऊ लागला. लायोनेल हॅम्प्टन यांच्या ताफ्यातले मंक माँटगोमेरी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते वाद्य घेऊन दौऱ्यावर निघाले आणि बघता बघता चित्र पालटलं.

आपल्या मुंबईतही तेच झालं. 1935 मध्ये लिऑन अॅबी यांचा जाझ ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतरच्या दोन दशकांत हॉटेलांच्या आणि चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रांमध्ये गोव्याचे वादक भरले. चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन आणि व्हायोलिन शिकून आलेली ही मंडळी. 1950 च्या दशकातली हिंदी गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका. ठेक्याच्या खाली जो मऊ, लाकडी, लगेच विरून जाणारा स्वर चालतो, तो डबल बेसचा. पुढे आर. डी. बर्मन यांच्या काळात टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांची बेस गिटार गाण्यात एवढी पुढे आली की लोक तिच्या ओळी गुणगुणू लागले. आज मराठी ऑर्केस्ट्रात बेस म्हणजे बेस गिटारच. डबल बेस बघायचा तर मुंबईत एनसीपीएला जाऊन 2006 मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल ऐकावी लागते.

बहरीनमधल्या सलमानियात राहणाऱ्या बेसवाल्याची स्थिती याहून वेगळी नाही. मनामाच्या या भागात आणि आसपास भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. महाराष्ट्र कल्चरल सोसायटीचा गणेशोत्सव असो की हॉटेलांमधले रात्रीचे बँड, बेस गिटारला काम आहे. डबल बेस मात्र इथे दिसतो तो बहुतेक अरबी ऑर्केस्ट्रात, आणि तो तिथे का आहे हे कळलं की हे वाद्य शिकण्याचं एक भक्कम कारण सापडतं. त्याकडे मी येतोच. आधी हाताचं बघू.

बेस गिटारवर डाव्या हाताची चार बोटं चार पडद्यांवर ठेवायला शिकवतात. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचं अंतर साधारण 13 सेंटिमीटर आहे, त्यामुळे ते जमतं. डबल बेसवर तेवढंच स्वरांतर घ्यायला जवळजवळ 16 सेंटिमीटर लागतात, आणि तारेचा ताण इतका की लांबवलेल्या बोटात दाबायची ताकदच उरत नाही. चारही तारांचा मिळून ताण 100 किलोच्या वर जातो. म्हणून खालच्या भागात हात एका वेळी फक्त एक पूर्ण स्वर व्यापतो, म्हणजे सुमारे 11 सेंटिमीटर. पहिलं बोट, दुसरं, आणि मग करंगळी. अनामिका एकटी वाजत नाही, ती करंगळीला टेकू देते.

ही पद्धत व्हिएन्नाच्या फ्रान्झ सिमांडल (1840–1912) यांच्या पुस्तकातून जगभर पसरली. त्यातले धडे रुक्ष आहेत हे खरं, पण त्यांनी हाताला घडी बसते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता 1954 मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले, तेव्हा कंडक्टिंगबरोबर त्यांनी तिथे डबल बेसही शिकून घेतला.

बोटांच्या ठेवणीतल्या या एका बदलाचे परिणाम फार दूरवर जातात. बेस गिटारवाल्याच्या हातात मेजर स्केलचा एक साचा पक्का बसलेला असतो. हात न हलवता तीन तारांवर पूर्ण सप्तक. कोणत्याही पट्टीत वाजव म्हटलं की तो साचा सरकवायचा. डबल बेसवर तो साचा मोडतो. सप्तक पूर्ण करायचं तर हात सरकवावा लागतो किंवा मोकळ्या तारेचा आधार घ्यावा लागतो, आणि प्रत्येक पट्टीत ही वाट वेगळी असते. अनुभवी वादक इथे हट्टानं चारही बोटं ताणत राहतो, कारण डोक्याला तो साचा सोडवत नाही. मग अंगठा मागून मानेला आवळायला लागतो आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. ते दुखणं सरावाचं लक्षण मानू नये. अंगठा काढून घेतला तरी तार दबलेली राहिली पाहिजे. दाब बोटांच्या चिमटीतून नाही, खांद्यापासून लोंबणाऱ्या हाताच्या वजनातून आला पाहिजे. कोपर खाली पडलं की ते वजन तारेपर्यंत पोचत नाही, म्हणून कोपर उचललेलं ठेवायचं. वाद्याची उंची खालच्या दांड्यानं अशी लावायची की सगळ्यात खालच्या स्वरांच्या जागेवर पहिलं बोट साधारण डोळ्यांच्या पातळीवर येईल.

सिमांडलच्या वाटेला पर्याय देणारा माणूस अरब मुलखातलाच आहे, म्हणून त्याच्याबद्दल थोडं अधिक सांगतो. फ्रांस्वा राबाथ यांचा जन्म 1931 चा, सीरियातल्या अलेप्पोचा. घरात भावानं डबल बेस आणला तेव्हा हा पोरगा तेरा वर्षांचा होता. बैरूतमधल्या एका शिंप्याच्या दुकानात त्याला एदुआर नॅनी या फ्रेंच वादकाचं शिकवणीचं पुस्तक मिळालं. त्याला ना फ्रेंच येत होतं ना नोटेशन. चित्रं आणि खुणा बघत तो शिकला, भावांबरोबर वाजवून पैसे साठवले, आणि 1955 मध्ये नॅनींना भेटायला पॅरिसला गेला. तिथे कळलं की नॅनी केव्हाच वारले आहेत. पुढे राबाथ यांनी स्वतःची पद्धत बसवली. पट्टीचे त्यांनी सहाच भाग केले आणि अंगठा जागेवर ठेवून हात त्याभोवती फिरवायला शिकवलं. चार बोटांची सवय असलेल्या बेस गिटारवाल्याला ही पद्धत आपलीशी वाटते. तरी माझं मत असं की आधी सिमांडलची घडी बसू द्यावी, मग राबाथकडे जावं. उलट क्रमानं गेलं की जुनी ताणायची सवय नव्या नावानं चालू राहते.

आता कान. बेस गिटारवर बोट पडद्याच्या मागे कुठेही पडलं तरी स्वर बरोबर येतो, कारण तो पडदा ठरवतो. डबल बेसवर बोटच पडदा आहे. खालच्या जागांवर बोट अर्धा सेंटिमीटर सरकलं तर स्वर अर्धस्वराच्या दहाव्या भागाइतका हलतो. वर तारेच्या मध्यापाशी तेवढ्याच सरकण्यानं सहाव्या भागाइतका. आजवर ज्याला बेसूर होण्याची भीतीच नव्हती, त्याला प्रथमच प्रत्येक स्वर ऐकून वाजवावा लागतो.

इथे मराठी माणसाच्या घरी एक साधन तयार आहे, ते म्हणजे तंबोरा. फोनवरचा चालेल. तो पांढरी दोनला लावा, सा आणि प. मग डबल बेसच्या चार मोकळ्या तारा जाडीकडून रे, प, सा, म होतात. म्हणजे चार स्वर फुकट मिळाले, बाकीचे त्यांच्या मधले शोधायचे. डोळ्यांनी पट्टीवर खुणा शोधण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं. ट्यूनरचा काटा बघून सूर लावणाऱ्याचा हात काट्यावर अवलंबून राहतो. आस ऐकत लावणाऱ्याचा कान तयार होतो.

आणखी एक परीक्षा वाद्यातच आहे. सगळ्यात बारीक तारेवर पांढरी दोन वाजवा. बऱ्याच वाद्यांवर ही जागा बरोबर तिथे येते जिथे मान संपून खोडाला मिळते. अंगठा खोबणीत अडकतो आणि पहिलं बोट त्या स्वरावर पडतं. शेजारची मोकळी तार त्याच स्वराची, एक सप्तक खालची. तुमचा सा नेमका लागला तर ती तार कुणी न छेडता थरथरायला लागते आणि सगळं खोड भरून आवाज येतो. केसभर चुकलात तर तार गप्प राहते, आवाज पातळ होतो. वाद्यच पावती देतं. अशा जागा पट्टीवर अनेक आहेत, आणि रोजच्या रियाजात त्या आधी पक्क्या करायच्या. मधले स्वर मग त्यांच्या आधारानं बसतात.

गजही पहिल्या दिवसापासून हवा. जाझच वाजवायचं आहे, गज कशाला, असं बेस गिटारवाले म्हणतात. छेडलेला स्वर क्षणात विरतो, त्यात बारीक बेसूरपणा लपतो. गजानं ओढलेला स्वर हवा तितका टिकतो, त्यामुळे काहीही लपत नाही. चांगली राळ, सावकाश गज आणि मागे तंबोरा, एवढ्यानं जे काम होतं ते कितीही वेगवान ओळी बोटांनी वाजवून होत नाही.

आता आधी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे. अरबी संगीतातल्या राष्त किंवा बयाती या मकामांमध्ये, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वरचौकटींमध्ये, असे स्वर आहेत जे पेटीवर नाहीत. राष्तचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या साधारण मध्ये बसतो. बेस गिटारवर तिथे पडदाच नाही. वादक एक तर शेजारचा चुकीचा स्वर वाजवतो किंवा तो स्वर टाळतो. डबल बेसच्या पट्टीवर कोमल आणि शुद्ध गंधारांमध्ये खालच्या भागात सुमारे 5 सेंटिमीटर जागा मोकळी आहे. राष्तचा गंधार तिच्या मध्यावर बोट ठेवून घेता येतो. ऊद या वाद्यालाही पडदे नसतात, त्यामुळे त्यावरही हे स्वर घेता येतात. विसाव्या शतकात अरबी ताफे वाढले, ऊद, कानून आणि नाय यांच्या जोडीला व्हायोलिनांची रांग आली आणि तिच्या मागे डबल बेस उभा राहिला. इजिप्तच्या गायिका उम्म कुल्सूम यांच्या ताफ्यातही तो असे. 1964 मध्ये मोहम्मद अब्दुल वहाब यांनी त्यांच्यासाठी बसवलेल्या ‘इंता उम्री’त इलेक्ट्रिक गिटार आली, तरी डबल बेस आपल्या जागी राहिला.

बहरीनचं स्वतःचं संगीत तर खर्जाचंच आहे. मोती काढणाऱ्या खलाशांचं फिजिरी 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. मुख्य गायक वरच्या सुरात आळवतो आणि त्याच्या मागे सगळा मेळ एक खोल, घशातला खर्ज धरून राहतो. साथ ढोल, टाळ्या आणि मातीच्या भांड्याची. मुहर्रक शहरात ‘दार’ म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या संगीतघरांमध्ये ते ऐकायला मिळतं, सलमानियाहून गाडीनं थोड्या वेळात पोचता येतं. डबल बेस शिकणाऱ्यानं हे ऐकावंच. खालचा स्वर न हलता किती वेळ धरून ठेवता येतो आणि त्यावर वरचा गायक किती मोकळा होतो, हे त्यात आहे. बेस गिटारवाला सहसा उलट करतो, तो जागा भरत सुटतो.

उजव्या हाताचं थोडक्यात. बेस गिटारवर दोन बोटांची टोकं आलटून पालटून चालतात. डबल बेसवर तर्जनी तारेला जवळजवळ समांतर टेकवून तिच्या कडेनं तार ओढायची, अंगठा पट्टीच्या काठाला टेकलेला. ताकद पुन्हा हाताच्या वजनाची. टोकानं छेडलं तर आवाज बारीक येतो आणि बोटाला फोड येतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागचे जेम्स जेमरसन (1936–1983) शाळेत डबल बेस शिकले होते. पुढे फेंडर वाजवतानाही त्यांनी एकाच बोटाची ती सवय सोडली नाही, आणि त्या गाण्यांचा बेस इतका भरीव का वाटतो याचं एक उत्तर त्यात आहे. म्हणजे इकडचं शिकलेलं तिकडे वाया जात नाही. जाझवादक जॉन पॅटिटुची दहाव्या वर्षी बेस गिटार शिकू लागले आणि पंधराव्या वर्षी डबल बेसकडे वळले. क्रिश्चन मॅकब्राइड यांचं पहिलं वाद्यही बेस गिटारच. दोघांनी पुढे दोन्ही सांभाळली.

एक गोष्ट मात्र दोन्ही हातांना मिळून शिकावी लागते, ती म्हणजे स्वराची लांबी. बेस गिटारचा स्वर बराच वेळ टिकतो, लांबी ठरवायला वादक बोट उचलतो. डबल बेसचा स्वर आपणहून विरत जातो, आणि डावं बोट किंचित जरी सैल पडलं तरी लगेच मरतो. पुढचा स्वर येईपर्यंत दाब टिकवायचा आणि ऐन वेळी सरकायचं, हे जमेपर्यंत चालती बेस ओळ तुटक वाजते. वेग वाढवून ती जुळत नाही. मेट्रोनोम 50 वर ठेवून, एका ठोक्याला एकच स्वर, असंच ते जमतं.

आता सलमानियातल्या फ्लॅटचा प्रश्न. हवेत सगळ्यात खालच्या तारेच्या स्वराची लहर आठ मीटरहून लांब असते. खोलीपेक्षा लांब लहरीला भिंत फारशी अडवत नाही. त्यात वाद्याचा लोखंडी दांडा फरशीवर टेकलेला, त्यामुळे कंप थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या मजल्यावर पोचतो. टोकाला रबर आणि खाली जाड गालिचा, एवढं तर हवंच. रबरामुळे गुळगुळीत टाइलवर वाद्य घसरतही नाही. रात्री वाजवायचं असेल तर यामाहाच्या सायलेंट बेससारखं मोठं पोकळ खोड नसलेलं वाद्य हेडफोनवर वाजतं आणि तारेची लांबी खऱ्या बेसचीच असते. हाताच्या सरावाला ते उत्तम आहे. पण शेजारची तार थरथरते का, हे त्यावर नीट कळत नाही.

बहरीनची हवा या वाद्याची परीक्षा बघते. उन्हाळ्यात बाहेर चाळिसाच्या वरचं ऊन आणि समुद्राची दमट हवा, आत दिवसरात्र चालणारा एसी. वाद्याचा पुढचा भाग स्प्रूसच्या पातळ फळीचा असतो. ही फळी ओलाव्यानं फुगते, कोरडेपणानं आक्रसते. फुगली की घोडी वर उचलली जाते आणि तारा पट्टीपासून दूर जातात, मग शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात कमी पडतोय. आक्रसली की सांधे उकलतात किंवा चीर जाते. सांधे प्राण्यांच्या सरसानं चिकटवलेले असतात. फळी फाटण्याआधी सांधा सुटावा म्हणूनच ते तसे करतात, त्यामुळे सुटलेला सांधा ही घाबरायची गोष्ट नाही, चीर मात्र आहे. इथे पहिलं वाद्य प्लायचं घ्यावं. आवाज किंचित कमी उघडा असेल, पण वाद्य टिकेल. घोडीच्या पायांत उंची कमी-जास्त करायची चाकं बसवून घ्यावीत. एसीच्या झोतासमोर ते ठेवू नये आणि उन्हात उभ्या गाडीत तर घटकाभरही नाही, सरस वितळतो. आतला साउंडपोस्ट, म्हणजे पुढच्या आणि मागच्या फळीमधला उभा दांडा, पडला तर लगेच तारा सैल करायच्या आणि जाणकाराकडून तो बसवून घ्यायचा.

विकत घेण्याआधी भाड्यानं किंवा उसनं मिळतंय का ते पाहा. एखादा शिक्षक ऑनलाइन का होईना, पण सुरुवातीचे महिने हवाच, कारण हाताची ठेवण स्वतःला दिसत नाही. बेस गिटार विकू नका. आणि मनामात, मुहर्रकमध्ये किंवा मुंबई-गोव्यात कुणाच्या घरी जुना डबल बेस कोपऱ्यात पडून असेल, तर तारा थोड्या सैल करून तो एखाद्या शिकणाऱ्याच्या हाती द्या.